तळहातावरचं पुरळ

१

बाळ चार दिवसांचं होतं. त्याची फाईल ताईंच्या टेबलावर आली तेव्हा तिला लाल चिठ्ठी चिकटवलेली होती. लाल चिठ्ठीची फाईल या खोलीत वर्षाकाठी एखाददुसरीच येई. तिचा अर्थ सरळ होता: हे व्हायला नको होतं, ते का झालं ते शोधा.

ताई रुग्णालयाच्या नोंदी विभागाच्या प्रमुख होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक तपासणीला ठरलेल्या यादीतला एक कोड द्यायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. सगळं रुग्णालय त्यांना कोडताई म्हणे. नव्याने आलेल्यांना वाटे, बाई फावल्या वेळात कोडी सोडवतात. ताई कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत. त्यांना एवढंच माहीत होतं, की कोड बरोबर पडला तर पुढची चाकं आपोआप फिरतात. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजाराचा कोड पडला, की ते नाव महिन्याच्या यादीत जातं, यादी समुपदेशनाच्या खोलीत जाते आणि तिथून त्या माणसाच्या जोडीदाराला फोन जातो. कोड चुकला तर फोन जात नाही, आणि तो गेला नाही हे कुणाला कळतही नाही.

त्यांनी बाळाचे कागद वाचले. तळपायांची साल निघते आहे, नाक सारखं वाहतं आहे, यकृत वाढलेलं. जन्मजात सिफिलिस. पेनिसिलीनची इंजेक्शनं दहा दिवस, त्यातला दुसरा दिवस चालू.

मग आईची फाईल. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यात सिफिलिसची नेहमीची तपासणी. निकाल निगेटिव्ह. कोड बरोबर, तारीख बरोबर, सही बरोबर. बाळंतपणानंतरची तपासणी मात्र पॉझिटिव्ह, आणि तीही चांगलीच चढी.

पलीकडच्या टेबलावर मामा चष्मा कपाळावर चढवून गठ्ठे लावत होते. मामा ताईंहून वयाने मोठे, या खोलीतले सर्वांत जुने. निवृत्तीला अकरा महिने उरलेले. प्रत्येक गोष्टीला त्यांनी स्वतःचं नाव ठेवलेलं होतं: प्रयोगशाळा म्हणजे भट्टी, तपासण्या म्हणजे चाळण, मृत्यूचे दाखले म्हणजे रवानगी आणि अधीक्षक साहेब म्हणजे घंटा, कारण ते वाजले की सगळे जागेवर. ताईंना या माणसाची इतकी सवय झाली होती, की त्यांचा घसा खाकरण्याचा आवाज आला नाही तर खोलीत काहीतरी हरवल्यासारखं वाटे.

त्या दिवशी मामा एकदाही खाकरले नव्हते. ताईंच्या ते लक्षात आलं नाही. त्या वॉर्डात निघाल्या होत्या.

२

बाळाची आई खाटेच्या कडेला बसली होती. बाळ काचेच्या पेटीत होतं आणि तिचा एक हात पेटीच्या गोल झरोक्यातून आत होता. तिच्यापासून हातभर अंतरावर, स्टुलावर, सासू बसली होती. ते हातभर अंतर सासूने मुद्दाम राखलं होतं. नवरा खिडकीपाशी पाठमोरा उभा होता, दोन्ही हात खिशात.

ताईंनी सातव्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली होती का, एवढंच विचारलं. झाली नव्हती. या रुग्णालयात दुसरी तपासणी फक्त ज्यांच्या घरात धोका नोंदलेला आहे त्यांचीच होई, आणि हिच्या कागदावर तसं काही नव्हतं.

सून उत्तर देत होती तेवढ्यात सासूने तोंड उघडलं. पहिल्या चाळणीत ही साफ निघाली होती, ती म्हणाली, तिच्या भावाला दवाखान्यातलं सगळं कळतं, त्यानेच सांगितलं. चौथ्या महिन्यात साफ, आणि नवव्या महिन्यात गरमीचा रोग. मधल्या काळात ही दोन महिने आईकडे जाऊन राहिली होती. आता हिशेब काय तो ज्याचा त्याने करावा. नवऱ्याचं रक्त तपासू द्या म्हणून वॉर्डातल्या डॉक्टर दोनदा सांगून गेल्या होत्या, पण ज्याने काही केलं नाही त्याने हात का पुढे करावा, असं सासूचं म्हणणं होतं. उद्या बारा वाजता हिला बाळासकट आईच्या घरी पोचवायचं, हेही तिने सांगून टाकलं.

इंजेक्शनं दहा दिवस चालली पाहिजेत, मधे तोडली तर बाळाचे डोळे, हाडं, मेंदू, कशाचीच खात्री नाही, असं ताईंनी समजावून पाहिलं. सासू म्हणाली, ते तिच्या आईने बघावं.

नवऱ्याने वळून पाहिलं नाही.

ताई निघाल्या तेव्हा सून झरोक्यातला हात न काढता हळूच म्हणाली, "ताई, मी कुठेही गेले नव्हते. आईचा पाय मोडला होता. मी तिचं करत होते." मग म्हणाली, "पण कागद तर तसंच म्हणतोय ना?"

ताई वॉर्डातून बाहेर पडल्या. जिन्यावर मात्र त्यांचं डोकं चालू झालं. चौथ्या महिन्यातली निगेटिव्ह तपासणी एवढंच सांगते, की त्या दिवशी रक्तात खूण दिसली नाही. लागण होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील, तर खूण दिसतच नाही. म्हणजे रोग तपासणीच्या थोडा आधीही आलेला असू शकतो किंवा नंतर लगेच. आणि तेव्हा ती आईकडे नव्हती. आपल्याच घरात होती.

३

सुनेच्या अर्जावर नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख होती. ताईंनी ती यंत्रात घातली.

पाच महिन्यांपूर्वी, बायकोची तपासणी झाली त्याच आठवड्यात, तो याच रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात येऊन गेला होता. एकच भेट. कोड: पुरळ, कारण नमूद नाही.

पुरळ काय, कुणालाही येतं. पण ताईंनी सवयीने त्या दिवसाचं इंजेक्शनचं रजिस्टर मागवलं. ते अजून हातानेच लिहिलं जाई. त्याच नावापुढे, त्याच दुपारी, नर्सच्या गोलगोल अक्षरात लिहिलेलं होतं: पेनिसिलीन, लांब मुदतीचं, दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं.

ताई त्या ओळीकडे बघत राहिल्या. कारण नमूद नसलेल्या पुरळाला कुणी असलं इंजेक्शन देत नाही. ते देण्यासारखं कारण एकच.

कागदी फाईल बघावी म्हणून त्या रॅककडे गेल्या. फाईलची जागा रिकामी होती. फाईल बाहेर गेली की तिथे एक पुठ्ठ्याचं कार्ड खोचायचं, ती कुठे गेली ते त्यावर लिहायचं, अशी पद्धत होती. कार्ड होतं. त्यावर छापील वळणाच्या अक्षरात एकच शब्द होता: समुपदेशन.

त्यांनी संगणक विभागातल्या दादाला बोलावलं. दादा म्हणजे तिशीतला, कायम घाईत असलेला माणूस. सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या त्याच्याकडे. नोंदीत कोणी कधी काय बदललं याचा इतिहास यंत्रात आत कुठेतरी साठतो, तो त्याने उघडून दिला. मूळ कोड होता, सिफिलिस, दुसरी अवस्था. तीन दिवसांनी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी तो पुसून त्या जागी पुरळ घातलेलं होतं. यादी निघायच्या आदल्या दिवशी.

"कुणाच्या खात्यातून?" ताईंनी विचारलं.

 दादाने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"तुमच्याच, ताई."

४

ताई तडक अधीक्षकांकडे गेल्या आणि जे सापडलं ते सगळं सांगून मोकळ्या झाल्या. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना टेबल स्वच्छ लागे. त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? ताई रजेवर होत्या. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मग खातं कुणी उघडलं? बदल ताईंच्याच खोलीतल्या यंत्रावरून झाला होता, एवढं दादाने काढून दिलं होतं. आणि पासवर्ड?

ताईंचा चेहरा उतरला. पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून त्यांनी टेबलाच्या काचेखाली सारून ठेवला होता. दर दोन महिन्यांनी तो बदलावा लागे आणि लक्षात राहत नसे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईची ही स्वतःची चूक, काचेखाली सगळ्यांना दिसेल अशी.

साहेबांनी ठरवलं: उद्या अकरा वाजता चौकशी समितीला पत्र जाईल आणि त्यात आज जे दिसतं तेच लिहिलेलं असेल. तोवर ताईंनी यंत्राला हात लावायचा नाही. विचारपूस करायची तर करा, पण रुग्णाचं नाव कुणापुढे उघड होता कामा नये.

चार माणसांना तो चिठोरा माहीत होता. दादा, ज्याने पासवर्ड घालून दिला होता. त्वचारोगाच्या मॅडम, ज्या अधूनमधून आकडेवारीसाठी त्या खुर्चीवर येऊन बसत. समुपदेशनाच्या मावशी, ज्या यादी न्यायला येत. आणि मामा.

मॅडमना तो रुग्ण चांगला आठवत होता. तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ, खाज नाही. असं पुरळ बघितलं की विचारायचं उरत नाही, त्या म्हणाल्या. त्यांनी रक्त तपासलं, इंजेक्शन दिलं आणि बायकोला आठवड्याच्या आत घेऊन ये म्हणून बजावलं. बायको गरोदर आहे हे त्याने सांगितलंच नाही. तो परत आला नाही. पण यादीतून फोन जाईल म्हणून त्या निश्चिंत होत्या, आणि मावशींनी फोन केला नाही याचा राग त्यांनी पाच महिने मनात धरला होता.

मावशी पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. बायकांना घरचं जे घरी सांगता येत नाही ते त्यांच्या खोलीत सांगितलं जाई. कार्डावर आपल्या खोलीचं नाव आहे हे ऐकून त्या आधी गोंधळल्या आणि मग चिडल्या. आलेल्या प्रत्येक फाईलची नोंद त्यांच्या वहीत होती. त्यांनी वही ताईंच्या मांडीवर आपटली. त्या महिन्यात तो क्रमांक नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यातही नव्हता.

"माझ्या खोलीतून फाईल हरवते असं कुणी म्हणालं, तर मी उद्यापासून येणार नाही," मावशी म्हणाल्या. 

दादा मात्र हसला. संशय त्याच्यावर असेल तर ताई भोळ्या आहेत, असं त्याला म्हणायचं होतं. पण तो तसं म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, की आज संध्याकाळपर्यंत ताईंचं खातं बंद करायचा हुकूम साहेबांकडून आलाय.

ताई खोलीत परतल्या. मामा जागेवर नव्हते. अर्धा दिवस रजा टाकून गेले होते. बावीस वर्षांत त्यांनी अशी न सांगता रजा घेतलेली ताईंना आठवत नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ताई येऊन बसल्या तेव्हा विभागात झाडलोट चालू होती. यंत्राला हात लावायचा नव्हता. त्यांनी एक कोरा कागद घेतला, मग तोही बाजूला सारला आणि नुसता विचार करायला लागल्या.

दादाने केलं असेल? त्याच्याकडे सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या. त्याला ताईंच्या खात्याची गरजच नव्हती, आणि केलं असतं तर त्याने इतिहासही पुसला असता. उलट तो इतिहास त्यानेच काढून दाखवला.

मॅडमनी? निदान त्यांचंच. ते बदलायचं असतं, तर स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या सहीने, दुरुस्ती म्हणून उघडउघड बदलता आलं असतं. कुणी ब्र काढला नसता.

मावशींनी? नाव लपवायचं असतं तर कोड बदलायची यातायात कशाला? नुसता फोन केला नसता की झालं.

आणि ते कार्ड. ताई उठून पुन्हा रॅकपाशी गेल्या आणि कार्ड हातात घेतलं. समुपदेशनाच्या खोलीत कुठली फाईल जाते? जी यादीत असते ती. ही फाईल यादीत कधी आलीच नाही, कारण त्याआधीच कोड बदलला गेला. यंत्राच्या लेखी हा पुरळाचा रुग्ण होता. त्याची फाईल समुपदेशनात जायचं कारणच नव्हतं. मग ती तिथे गेली असं लिहायचं कुणाला सुचेल? ज्याला माहीत आहे की ती खरं तर तिथेच जायला हवी होती. ज्याने आधीचा कोड वाचला होता. आणि ज्याला रॅकवरची जागा कार्ड न लावता रिकामी सोडणं जमलं नाही. चोरी करतानाही जमलं नाही, इतकी ती सवय अंगात मुरलेली.

अशी सवय या इमारतीत दोनच माणसांना होती. त्यातल्या एक ताई.

पण का? मामांचा त्या माणसाशी काय संबंध? वॉर्डातली दुपार त्यांच्या डोळ्यांपुढे आली. स्टुलावरची सासू. पहिल्या चाळणीत साफ निघाली. चाळण हा शब्द त्या बाईने आणला कुठून? तपासणीला चाळण म्हणणारा माणूस ताईंनी आयुष्यात एकच पाहिला होता. आणि सासू म्हणाली होती, तिच्या भावाने सांगितलं.

सासूचा भाऊ. म्हणजे तिच्या मुलाचा कोण?

 सगळं रुग्णालय त्या माणसाला मामा म्हणत होतं. बावीस वर्षं. कुणाचे मामा, हे विचारावंसं कुणाला वाटलंच नव्हतं.

मागे दार वाजलं. कुणीतरी घसा खाकरला.

६

मामा आत येऊन आपल्या खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्याशिवाय त्यांचा चेहरा अनोळखी दिसत होता.

ताईंच्या हातातलं कार्ड त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी काही नाकारलं नाही. खालचा खण ओढला, जुन्या यादीच्या जाडजूड पुस्तकाखालून फाईल काढली आणि ताईंच्या पुढ्यात ठेवली. ती घरी नेऊन फाडून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. दोनदा पिशवीत घातली, दोनदा परत काढली. फाडायला हात धजला नाही.

मग ते सांगत गेले आणि ताई ऐकत गेल्या. भाचा सहा वर्षांचा असताना त्याचा बाप वारला. सायकल शिकवण्यापासून नोकरीला लावण्यापर्यंत सगळं मामांनी केलं. पाच महिन्यांपूर्वी तो या खोलीच्या दारात येऊन रडला होता. बाहेरगावी कामाला असताना एकदा पाय घसरला, मामा. आता घरी फोन गेला तर संसार मोडेल, आईला तोंड कसं दाखवू? मामांनी त्याला अट घातली, की बायकोला आठवड्याच्या आत गुपचूप घेऊन ये, मी स्वतः मॅडमकडे नेतो. तो हो म्हणाला. ताई रजेवर होत्या. असल्या आजाराचा कोड बदलायला निदान करणाऱ्या डॉक्टरांचं नाहीतर प्रमुखांचं खातं लागतं, आणि पासवर्ड काचेखाली होता. दोन मिनिटांचं काम. पुढे मामांनी दोनदा विचारलं. भाचा म्हणाला, दुसरीकडे दाखवलं, झालं सगळं. मामांनी विश्वास ठेवला. ठेवायला सोपं होतं.

"आणि परवा बहिणीने विचारलं, पहिल्या वेळी काय निघालं होतं," मामा म्हणाले. "मी म्हणालो, साफ. मी एवढंच म्हणालो, ताई. बाकीचं तिने जोडलं."

"आणि तुम्ही जोडू दिलंत."

 बाहेर झाडू थांबला होता. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

ताईंना राग येत होता आणि रागाच्या आड दुसरंही काही दाटून येत होतं, ज्याच्याकडे आत्ता बघायला वेळ नव्हता. त्यांनी स्वतःला आवरलं.

"अहवाल मी लिहिणार आहे, मामा. कोड कुणी बदलला तेही आणि पासवर्ड कुणी उघड्यावर ठेवला तेही. तो कागद साहेबांकडे जाईल. पण त्या मुलीला मी एक अक्षर सांगू शकत नाही. नवऱ्याचा आजार त्याच्या परवानगीशिवाय सांगायचा नाही, हा नियम मीच या भिंतीवर लावलाय. बारा वाजता ते तिला आईकडे पोचवणार आहेत. बाळाची इंजेक्शनं अर्ध्यावर टाकून."

मामांनी चष्मा उचलला. तो डोळ्यांवर चढवला.

"त्याला घेऊन येतो," ते म्हणाले. "आणि बहिणीलाही. जे मी बोललो ते मलाच परत घ्यायला हवं."

"आला नाही तर?"

मामा दारात थांबले. "त्याला सायकल शिकवताना मी मागून धरली होती," ते म्हणाले. "सोडली की पडायचा. म्हणून मी सोडलीच नाही कधी. आज सोडतो."

७

अहवाल लिहून ताईंनी दहा वाजता साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मामांच्या नावावर त्यांचं बोट अडखळलं, पासवर्डच्या परिच्छेदावर पुन्हा अडखळलं. हा परिच्छेद ठेवायचाच का, त्यांनी विचारलं. ताई हो म्हणाल्या.

साडेदहा वाजले. मावशींची खोली रिकामी होती. ताई समोरच्या बाकावर बसून राहिल्या. पावणेअकरा. जिन्यावर पावलं वाजली की त्या मान वर करत. एकदा औषधांचा गाडा गेला, एकदा पायाला प्लास्टर घातलेला म्हातारा. अकराला पाच मिनिटं असताना मामा आले. त्यांच्या मागे बहीण, आणि तिच्याही मागे, भिंतीला घासत चालणारा भाचा. मावशी वॉर्डात जाऊन सुनेला घेऊन आल्या. मॅडमही आल्या. दार बंद झालं.

आत काय बोललं गेलं ते ताईंना ऐकू आलं नाही. बराच वेळ एकच आवाज येत होता, मामांचा. मग दुसरा, तुटक, पुरुषाचा.  

पहिल्यांदा सासू बाहेर आली. ती ताईंसमोरून गेली, चार पावलांवर थांबली आणि परत आली.

"मी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. मग बाकावर ताईंच्या शेजारी बसली, आणि बसूनच राहिली.

नवऱ्याने रक्त द्यायला हात पुढे केला. मॅडमनी दिलेल्या कागदावर सहीही केली, की त्याचा आजार बायकोच्या आणि बाळाच्या कागदांत लिहायला त्याची हरकत नाही. मामांनी खोलीच्या किल्ल्या ताईंच्या हातात दिल्या आणि साहेबांच्या खोलीकडे गेले. 

सून सगळ्यांत शेवटी आली. तिचे डोळे कोरडे होते. ती कुणाकडेही न बघता सरळ वॉर्डात गेली, झरोक्यातून हात आत घातला आणि बाळाचं पाऊल मुठीत धरलं. ताई आणि मॅडम मागोमाग गेल्या. नवरा वॉर्डाच्या दारापर्यंत आला. तिने मान न वळवताच सांगितलं, तिच्या आईला फोन करा, तिला इथे यायला सांगा. इंजेक्शनं पुरी होईपर्यंत ती हलणार नव्हती. त्यानंतर कुठे जायचं ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग ती म्हणाली, "मॅडम, बाळाच्या कागदावर काय लिहिलंय? मला वाचून दाखवा. सगळं."

मॅडमनी वाचून दाखवलं. वजन, यकृत, रक्ताचे आकडे. एका रकान्याशी त्या थांबल्या. मातेला झालेल्या संसर्गाचा स्रोत: अज्ञात.

"अज्ञात म्हणजे?"

"माहीत नाही, असं."

"आता माहीत आहे."

मॅडमनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली; नवऱ्याच्या सहीचा कागद त्यांच्या हातात होता. मॅडमनी अज्ञात या शब्दावर एक आडवी रेघ मारली, शेजारी पती असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. सुनेने फाईल एका हाताने स्वतःकडे ओढली. तो शब्द तिने बोटाखाली धरून वाचला. मग ती कागदावर खाली काहीतरी शोधायला लागली.

"काय हवंय?" ताईंनी विचारलं.

"माझ्या सहीची जागा कुठे आहे?"

इथे आईची सही लागत नाही, मॅडम म्हणाल्या.

"लागत नसेल," ती म्हणाली. "मला करायची आहे."

ताईंनी आपलं पेन तिच्या पुढे धरलं.